नाकसाहेबांनी पास केलेला माणूस

गुन्हे शाखेत त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी उरलंच नव्हतं. वरपासून खालपर्यंत सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत, आणि त्यांनाही ते मनापासून आवडे. एकदा एका जळालेल्या गोदामाच्या मालकाचं सांत्वन करायला गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवता ठेवताच म्हणाले, "केस धुवा साहेब, रॉकेल अजून गेलं नाही." मालक तिथेच खाली बसला. असे किस्से कँटीनमध्ये वर्षानुवर्षं तिखटमीठ लावून सांगितले जात. कुणी नवा शिपाई डबा उघडायच्या आत त्यात काय आहे ते नाकसाहेब जिन्यातून सांगत. श्वानपथकातले लोक त्यांना गमतीने आपला नातेवाईक म्हणत. कौतुक माणसाला हळूहळू मऊ करून टाकतं, तसं त्यांचं झालं होतं. हिशेबाने, तर्काने गुन्हा शोधायची सवय सुटत गेली आणि सगळा भार नाकावर आला.

आणि मग ते नाकच गेलं.

गेल्या हिवाळ्यात अंगात ताप भरला, आठवडाभर अंथरूण धरलं, उठले तेव्हा चहा नुसता गरम पाण्यासारखा लागला. होईल बरं, म्हणाले. झालं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, भलतंच नाव सांगून एका डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, "येईल कदाचित. नाहीही येणार." बस, एवढंच. नाकसाहेब त्या दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. गुंडांच्या टोळक्यात एकटा शिरलेला हा माणूस, पण असा घाबरलेला कधी नव्हता. निवृत्ती तोंडावर आलेली. आता सांगितलं तर लोक हळहळतील, खुर्ची देतील, चहा पाजतील आणि मागे वळून हसतील. त्यापेक्षा थोडे दिवस रेटून न्यावेत, एवढाच त्यांचा विचार. घरातही त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. घरात होती एकटी मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी घरी बसूनच पुस्तकांची चित्रं काढायचं काम करायची.

नेमकी तेव्हाच ती खुनांची मालिका सुरू झाली.

एकट्या राहणाऱ्या बायका, वेळ भर दुपारची, आणि दाराचं कुलूप शाबूत. पाठीमागून तोंडावर फडकं दाबलेलं. आधी एक विधवा बाई गेली, मग एक शिवणकाम करणारी. शिवणकामवालीच्या वेळी खाली गाडीचा भोंगा वाजला असावा, कारण मारणारा घाईत पळाला आणि फडकं तिथेच राहिलं. ते काचेच्या बरणीत बंद करून ठेवलं गेलं. ज्याने त्याने हुंगून पाहिलं, साबणाशिवाय कुणालाच काही कळेना. फिनेलने धुतलेल्या जिन्यात कुत्र्याचाही माग चुकला. मग अर्थातच बरणी आली नाकसाहेबांपुढे.

त्यांनी झाकण काढलं, डोळे मिटले, नाकपुड्या फुलवल्या. बरणीत हवा होती, दुसरं काही नाही. "साबणाखाली आहे काहीतरी," ते म्हणाले. असं कुणीही म्हणू शकलं असतं. खोलीत मात्र सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

त्या आठवड्यात शिवणकामवालीच्या इमारतीत येऊन गेलेली माणसं बोलावण्यात आली. सिलिंडरवाला, पार्सलवाला, पंखे दुरुस्त करणारा आणि कुलूपवाला. भिंतीला टेकून उभी केली. शाखेच्या प्रमुख मॅडम, नाकसाहेबांपेक्षा वयाने कितीतरी लहान पण डोक्याने धारदार, दाराशी उभ्या. नाकसाहेब एकेकाचे हात आपल्या हातात घेऊन नाकाशी नेत पुढे सरकले. कुणाचे हात खरखरीत, कुणाचे घामेजलेले, कुलूपवाल्याचे थंड. वास कुणालाच नाही. 'हो' म्हणावं तर एखाद्या निरपराधाच्या गळ्याला फास. 'नाही' म्हणण्यात काय जातं, असं त्यांना वाटलं. 'नाही' म्हटलं की फार तर तपास पुढे चालू राहील, एवढंच ना?

"यांच्यात तो नाही," ते म्हणाले. आणि चौघांना सोडून देण्यात आलं.

त्यानंतर शहरभर भीती पसरली. बायका दुपारच्या दाराला खुर्च्या लावून बसू लागल्या. नाकसाहेबही मुलीच्या मागे लागले, दाराला दुसरी कडी बसवून घे, आतून भक्कम. ती म्हणे, "बसवते हो, बसवते. पोलिसाच्या घरात चोर आला तर त्याचीच कीव करायला हवी." पण ते तिची पाठ सोडायला तयार नव्हते. सकाळ-संध्याकाळ एकच भुणभुण.

आज सकाळी तिसरी बाई सापडली. निवृत्त शिक्षिका, शिस्तीची, कडक. दूधवाल्यालाही साखळीच्या फटीतून पैसे देणारी. तिने दार उघडलं कसं, हे कुणालाच उमगेना. पंचनामा झाला, देह हलवला, आणि नाकसाहेबांनी सगळ्यांना परत पाठवलं. ही त्यांची जुनी पद्धत होती. गर्दी पांगली की त्या खोलीत एकट्याने बसायचं आणि वास घ्यायचा. आता उरला होता नुसता देखावा, पण पद्धत मोडली तर लोक विचारतील, म्हणून ते बसले.

खोली नीटनेटकी होती. खडूची रिकामी डबी पेनं ठेवायला वापरलेली, टेबलावर चष्मा, कुंडीतल्या रोपाला सकाळी घालायचं पाणी तांब्यात तसंच. नाकसाहेबांना फार एकटं वाटलं. नाक असतं तर आत्ता ही खोली त्यांच्याशी बोलली असती. आता ती मुकी होती आणि ते बहिरे. नाक नाही तर नाही, म्हणून त्यांनी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा नुसते डोळे वापरले. आणि दाराकडे बघताच ते उठून उभे राहिले.

दाराच्या आतल्या बाजूला एक कडी होती. कोरी, चकचकीत, एकही ओरखडा नसलेली. खाली उंबऱ्याच्या खाचेत लाकडाचा ताजा भुसा.

समोरच्या बिऱ्हाडातली आजी दाराच्या फटीतून बघत होती. नाकसाहेबांनी विचारलं, "ही कडी कधी बसवली बाईंनी?"

"काल दुपारी की हो. मी म्हटलं, बाई, कुणालाही घरात घेऊ नका. तर म्हणाल्या, कुणालाही नाही घेतलं, नाकसाहेबांनी पास केलेला माणूस आहे. तोच सांगतो सगळीकडे. पोलिसांनी हात हुंगून सोडलंय मला, म्हणतो. आता याच्याहून मोठा दाखला कुठला?" आजीने दार थोडं अजून उघडलं. "मीही उद्या बोलावलाय त्याला. बोलावू ना?"

"नका बोलावू," नाकसाहेब म्हणाले. जिन्यात येऊन भिंतीला धरून उभे राहिले. बाईंना फडक्याने मारलं होतं, पण दार त्यांनी उघडलं ते नाकसाहेबांच्या शब्दावर. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला.

"ऐक. कुणालाही दार उघडू नकोस."

"आता कुणाला उघडू?" ती हसत म्हणाली. मागे ड्रिलची घरघर चालू होती. "दार उघडंच आहे. अहो, महिनाभर माझं डोकं खाल्लंत ना, ती कडी बसतेय आज. आणि बाबा, काळजी नको, माणूस तुमच्याच ओळखीचा आहे. तुम्हीच पास केलाय म्हणे."

ड्रिल थांबलं. मागून एक मऊ आवाज आला, "साहेब आहेत का ताई? नमस्कार सांगा माझा."

तिला पळ म्हणावं तर तो ऐकतोय. फोन ठेवावा तर ती एकटी. नाकसाहेबांनी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "त्यांना म्हणावं थांबा, मीच येतोय. कडी मला बघायची आहे." मग फोन कापला आणि दुसऱ्या क्षणी मॅडमना लावला.

"कुलूपवाला आहे, मॅडम. माझ्या घरी आहे. माझी मुलगी एकटी आहे. गाडी पाठवा."

"पण साहेब, त्याला तुम्हीच नाही म्हणालात. नेमकं काय सापडलं? दोन मिनिटं थांबा, मी..."

दोन मिनिटं कुठली थांबायला. नाकसाहेब जिना उतरता उतरता थबकले. वर्षभर दातांत धरून ठेवलेलं वाक्य, जे सांगण्यापेक्षा मरण जवळ केलं असतं, असं वाक्य. ते सरळ बाहेर आलं. "मॅडम, मला वास येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून येत नाही. बरणीचाही आला नव्हता. मी खोटं बोललो."

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "निघाले," आणि फोन बंद झाला.

घर मागच्याच गल्लीत होतं, पण ती गल्ली त्या दिवशी संपता संपेना. नाकसाहेब पळत होते म्हणणं धाडसाचं होईल. वयाने, वजनाने आणि भीतीने जेवढं जमेल तेवढं ते करत होते. पिस्तूल ऑफिसच्या कपाटात. नाक असताना पिस्तूल कशाला, असं स्वतःच बढाईने म्हणत ते तिथे ठेवलेलं. छातीत कळ आली तरी थांबले नाहीत. देवा, ती बोलत राहू दे, तिला गप्पांची हौस आहे, त्याला बोलण्यात गुंतवून ठेवू दे, एवढंच त्यांच्या डोक्यात चाललं होतं.

दार उघडं होतं. मुलगी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती, धडधाकट. नाकसाहेबांना तिथेच रडू आलं असतं. कुलूपवाला गुडघ्यावर बसून स्क्रू पिळत होता. तो उठला, कमरेत वाकला.

"या साहेब. वेळेवर आलात." त्याने हळूच दार लोटलं आणि कडी सरकवली. खट्. "बघा कशी बसते. एक माणूस बाहेरून कितीही ढकलू दे."

खुर्चीवर त्याची हत्यारांची पिशवी होती. पिशवीवर एक पांढरा नॅपकिन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला. बाकी सगळी हत्यारं तेलकट आणि तो एकटाच स्वच्छ. नाकसाहेबांची नजर तिथे खिळली आणि कुलूपवाल्याने ती नजर बरोबर टिपली.

"ताई, साहेबांना पाणी द्या," तो म्हणाला. मुलगी हलली नाही. वडिलांचा चेहरा तिने पाहिला होता.

"एक विचारू का साहेब?" कुलूपवाला नॅपकिन उचलून हातात घेत म्हणाला. आवाज अजून तसाच, मऊ. "मला झोप नाही बघा तेव्हापासून. तुम्ही माझे हात नाकाशी धरलेत. मला वाटलं, संपलं. आणि तुम्ही म्हणालात, नाही. का हो सोडलंत मला?"

जीप यायला वेळ लागणार. तोवर याला बोलता ठेवायचं. थोड्या वेळापूर्वी जे खोटं नाकसाहेबांनी टाकून दिलं होतं, तेच पुन्हा अंगावर चढवणं आलं. त्यांनी नाक वर केलं, जुन्या दिवसांसारखं.

"तेव्हाच ओळखलं होतं तुला. पण नुसत्या वासावर कोर्ट चालत नाही. मागे माणसं लावायला सोडलं."

कुलूपवाल्याने नॅपकिनची घडी उलगडली. मग म्हणाला, "मग काल मी बाईंकडे होतो, तेव्हा कुठं होती तुमची माणसं?"

नाकसाहेबांची नजर बंद कडीकडे गेली.

"कडी बसवली की बायकांच्या चेहऱ्यावरची भीती जाते साहेब. आता कसं सुरक्षित वाटतं, म्हणतात. मला ते बघवत नाही." तो एक पाऊल पुढे आला. नॅपकिन त्याने खांद्यावर टाकला. "मला तर वाटतं, तुम्हाला वासच येत नाही." त्याने दोन्ही हात नाकसाहेबांच्या तोंडासमोर धरले, अगदी ओळख परेडच्या दिवसासारखे. "आज वेगळा आहे वास. सांगा बरं, कसला? सांगितलंत तर मी चुकलो. नाही सांगता आलं, तर आधी तुम्ही, मग ताई."

ते हात नाकासमोर होते आणि तिथे काहीही नव्हतं. साबण, तेल, लोखंड, माणूस, काही नाही. नाकसाहेबांनी श्वास ओढला, पुन्हा ओढला. इतकी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली आणि त्या अंधारीतून त्यांना कुलूपवाल्याच्या खांद्यामागे मुलगी दिसली. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिने आवाज न करता फळीवरच्या परडीत हात घातला, एक लिंबू उचललं, छातीशी धरलं आणि परत ठेवलं. मग बोटाने मोरीकडे खूण केली.

"लिंबू," नाकसाहेब म्हणाले. "तेलकट हात लिंबाने घासलेस तू. माझ्याच मोरीत. पण लिंबाखाली तेल तसंच आहे."

कुलूपवाल्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. एवढ्या माणसांत त्याला खरी भीती होती ती या एका नाकाची, आणि ते नाक जिवंत होतं. तो हात मागे घ्यायला गेला, तेवढ्यात नाकसाहेबांनी दोन्ही मनगटं पकडली. म्हातारा झाला तरी पोलिसाचा पंजा तो. झटापटीत खुर्ची पडली, हत्यारं फरशीवर पसरली, नाकसाहेबांचं डोकं भिंतीवर आपटलं. "दार," ते ओरडले. मुलगी धावली. नवी कडी घट्ट, सरकता सरकेना. तिने हातोडा उचलून खालून एक टोला घातला आणि दार उघडलं. जिन्यात बुटांचे आवाज चढत होते. सगळ्यांत पुढे मॅडम होत्या.

त्याला खाली नेताना जिन्यातले शिपाई नाकसाहेबांकडे बघून हसले, एकाने तर सलाम ठोकला. "शेवटी नाकानेच धरला म्हणायचा." नाकसाहेब त्या शिपायाला म्हणाले, "नाही रे बाबा. नाक वर्षापूर्वीच गेलं. मी तुम्हाला फसवलं." शिपायाचा हात कपाळाशी तसाच राहिला. मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी या साहेब. सगळं लिहून द्यावं लागेल." नाकसाहेबांनी मान हलवली.

सगळे गेल्यावर बापलेक पसरलेल्या हत्यारांमध्ये बसून राहिले. मुलीने ओला रुमाल त्यांच्या डोक्याला लावला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही करपलेलं दूध एक शब्द न बोलता प्यायलात ना, त्या दिवसापासून. पूर्वी जरा लागलं तरी घर डोक्यावर घ्यायचात."

"मग बोलली का नाहीस?"

ती रुमाल पिळत राहिली. "तुम्हाला किती लागेल, असं वाटलं. आणि नाही बोलून काय जातं, म्हटलं." ती भिजल्या डोळ्यांनी थोडंसं हसली. "वाचलो बाबा. दोघंही वाचलो."

नाकसाहेब हसले नाहीत. ते उघड्या दारावरच्या त्या कोऱ्या कडीकडे बघत होते. मुलीने त्यांचा खांदा हलवला.

"काय झालं? सकाळी तुम्ही कुणाकडे गेला होतात? काल कुठल्या बाईंकडे होता तो?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला. हा शब्द मात्र खोटा करता येण्यासारखा नव्हता.

"तुझ्या गणिताच्या बाई," ते म्हणाले.